सरपंचबाईंचे यजमान

आमच्या वडिलांच्या पिढीतील घरंदाज पुरुष चारचौघांत पत्नीचा उल्लेख 'कुटुंब' या शब्दाने करीत असत. 'कुटुंबाला बरे नाही' असे कोणी म्हणाले, की घरातील साऱ्या माणसांना एकदम ताप भरला आहे असा अर्थ कोणी घेत नसे, एकट्या बाईंनाच भरला आहे हे ऐकणाराला कळत असे. पुढे तो शब्द मागे पडला, 'मिसेस' आल्या, आणि कुटुंब म्हणजे शिधापत्रिकेवर नोंदलेली एकंदर माणसे, असा त्याचा अर्थ सरकारने कायम करून टाकला. मला मात्र अलीकडे त्या जुन्या अर्थाची वारंवार आठवण होते. गावचे राजकारण आणि कुटुंब यांचा मेळ कसा घालावा, असा प्रश्न सार्वजनिक कार्यात पडलेल्या पुरुषांना पडतो आणि त्यावर ते व्याख्यानेही देतात. माझ्या बाबतीत तो उद्भवतच नाही, कारण २०२२ च्या डिसेंबरात झालेल्या निवडणुकीत माझे कुटुंबच थेट जनतेतून सरपंच म्हणून निवडून आले, आणि तेव्हापासून राजकारण वेशीवर ठेवून आपण घरी यावे म्हटले, तर ते माझ्याआधी घरी पोहोचून, पाय धुऊन, पोळ्या लाटीत बसलेले असते.

मी स्वतः ३४ वर्षे महसूल खात्यात चाकरी करून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेला इसम आहे. फेरफार, सातबारा, जमाबंदी आणि पंचनामे यांच्या सहवासात उमेदीची वर्षे गेल्यामुळे कोणतीही वस्तू 'सदरहू' आणि 'मजकूर' यांच्या आधाराशिवाय मला नीटशी दिसत नाही, अशी सौ.ची तक्रार आहे व ती अगदीच बिनबुडाची नाही. सौ. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, आणि त्या नोकरीतली १७ वर्षे आमच्याच गावात. त्यामुळे आज ज्यांच्या मिशांना पीळ आहे व ज्यांच्या नावावर ट्रॅक्टर आहे अशा बहुतेक मतदारांना तिने एकदा तरी बाकावर उभे केलेले आहे. लोकशाहीत मतदार हा राजा असतो असे म्हणतात. परंतु ज्या राजाचे नाक आपण एके काळी स्वतःच्या पदराने पुसले, त्याच्यापुढे मतासाठी हात जोडणे जरा कठीणच. इतर उमेदवार दारोदार जाऊन 'लक्ष असू द्या' म्हणत. ही 'लक्ष कुठे आहे?' असे विचारी, आणि समोरचा मनुष्य नकळत सरळ उभा राही.

वस्तुतः सरपंच व्हायचे होते ते आबाला. आबा म्हणजे माझा धाकटा चुलत भाऊ. आमच्या दोन घरांची मधली भिंत एक, परसातला कढीलिंब एक, आणि भांडणही दोन पिढ्या एकच चालत आलेले. सरपंचपदाची इच्छा त्याच्या मनात कित्येक वर्षे होती, परंतु ती पुरी करण्याची पद्धत सरकार सारखे बदलीत होते. सरपंच थेट जनतेने निवडावा असा कायदा २०१७ साली झाला, २०२० साली तो गेला, आणि २०२२ साली पुन्हा आला. या प्रत्येक फेरफाराबरोबर आबाला आपले वर्तन बदलावे लागले. थेट निवडणूक असे तेव्हा तो गावभर हसत फिरे, आणि सदस्यांमधून निवड व्हायची असे तेव्हा नऊ घरांपुरतेच हसे. हा सर्व खर्च (हसण्याला खर्च येतो, हे ज्यांनी गावच्या हॉटेलात निवडणुकीच्या आधीचे वर्ष काढले आहे त्यांना सांगायला नको) एका दुपारी पाण्यात गेला. तालुक्याच्या कचेरीत आरक्षणाची सोडत निघाली, एका लहानग्या मुलाने बरणीत हात घालून चिठ्ठी काढली, आणि आमच्या गावचे सरपंचपद सर्वसाधारण स्त्रीसाठी राखीव झाले.

७३ वी घटनादुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी अमलात आली तेव्हा स्त्रियांच्या वाट्याला निदान एक-तृतीयांश जागा आल्या, आणि महाराष्ट्राने २०११ साली त्या निम्म्या केल्या. या सुधारणेचे समाजशास्त्रीय परिणाम विद्वानांनी तपासले असतीलच; मी पाहिलेला परिणाम असा, की सोडतीच्या दिवशी दिवेलागणीपर्यंत आमच्या गावातील निदान अकरा पुरुषांना आपापल्या पत्नीच्या अंगी उपजत नेतृत्वगुण असल्याचा साक्षात्कार झाला. तोवर ज्या माउलीला वर्तमानपत्रातला मीठ-मसाल्याच्या पुडीपुरता कागद तेवढा मिळत असे, तिला आख्खे वर्तमानपत्र वाचावयास देण्यात आले. आबानेही आपल्या पत्नीचा, म्हणजे सौ.च्या धाकट्या जावेचा, अर्ज भरला. आमच्या घरी दुसऱ्या गटाची मंडळी आली ती माझ्याशी बोलायला, अशी माझी समजूत झाली, म्हणून मी सदरा बदलून बाहेर आलो. परंतु त्यांनी मला 'दादा, जरा बाईंना बोलवा' एवढेच सांगितले, आणि मी पुन्हा आत गेलो तो आजतागायत एका अर्थी आतच आहे.

अर्जाची तयारी मात्र माझ्याकडे आली, आणि तेथे मला एका गोष्टीचा उलगडा झाला. राजकारण वेगळे आणि घर वेगळे असे जे मानतात, त्यांनी १९५८ चा ग्रामपंचायत अधिनियम उघडून त्याचे कलम १४ एकवार वाचावे. खासदार होऊ इच्छिणाराच्या घरात कायदा इतका आत शिरत नाही. गावच्या कायद्याला मात्र आपल्याकडील आत्याबाईंसारखी उंबऱ्याशी थांबण्याची सवयच नाही. १२ सप्टेंबर २००१ नंतर जन्मलेल्या अपत्यामुळे मुलांची संख्या दोनावर गेली आहे काय, हे तो विचारतो. घरपट्टीचे बिल हाती पडून तीन महिने झाले तरी ती भरलेली नाही काय, हे विचारतो. सरकारी जागेत घराचा काही भाग घुसला आहे काय, हे विचारतो, आणि त्याविषयी पुढे सविस्तर सांगायचे आहे. शेवटी, घरात शौचालय आहे काय एवढ्यावर न थांबता, त्याचा नियमित वापर होतो काय, असे विचारतो. या 'नियमित' शब्दावर माझ्या आईने जी टीका केली ती येथे देता येत नाही. ती नव्वदीच्या उंबरठ्यावर आहे आणि तिच्या पिढीची भाषा अधिक थेट होती. दाखल्यासाठी छायाचित्र जोडावे असे कोणीसे सांगितल्यावरून मी सदरहू वास्तूच्या दाराशी, हातात तांब्या न घेता परंतु तो नुकताच खाली ठेवला असावा अशा मुद्रेने उभा राहिलो, आणि माझ्या आयुष्यातील ज्या एकाच छायाचित्राची गावच्या दप्तरात नोंद झाली ते हे.

चिन्हे मिळाली: सौ.ला कपबशी, आणि आबाच्या पत्नीला छत्री. ज्याने हे वाटप केले त्या अधिकाऱ्याला आमच्या घरची रीत ठाऊक नसावी. आबा गेली तीस वर्षे रोज सकाळी साडेसहाला आमच्याकडे चहाला येतो. भाऊबंदकीचा दावा दिवाणी न्यायालयात चालू होता त्या सात वर्षांतही यात खंड पडला नव्हता, फक्त तारखेच्या दिवशी तो साखर कमी घेई. परंतु आता कपबशीत चहा घेणे म्हणजे प्रतिपक्षाच्या चिन्हाला ओठ लावणे! पहिल्या दिवशी त्याने बशीकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले, आणि गंभीरपणे म्हणाला, "दादा, पेल्यात दे." त्यानंतर प्रचार संपेपर्यंत त्याच्यासाठी पितळी पेला वेगळा घासून ठेवण्यात आला. मी तरी कोठे मागे राहिलो? त्याच आठवड्यात अवकाळी पावसाची भुरभूर सुरू झाली असता खुंटीवरची छत्री न घेता, डोक्यावर गोणपाटाची खोळ घेऊन मी दूध आणायला गेलो. वाटेत आबा भेटला, त्याच्याही हातात छत्री नव्हती, कारण त्याच्या घरच्या साऱ्या छत्र्या प्रचारात होत्या. दोघेही भिजत घरी आलो आणि दोघांनाही पडसे झाले. दोन्ही घरांत एकाच कढीलिंबाचा काढा झाला.

मतदान झाले, मोजणी झाली, आणि सौ. ११ मतांनी निवडून आली. आता ११ हा आकडा राजकीय दृष्ट्या पुरेसा असला तरी कौटुंबिक दृष्ट्या अत्यंत घातक होय. दोनशे मतांनी विजय झाला तर कोणी कोणाला मत दिले याची चौकशी कोणी करीत नाही. अकरांमध्ये प्रत्येक मत ओळखू येऊ लागते. आईने कोणाला मत दिले, हा प्रश्न दोन्ही घरांत उपस्थित झाला. एकीकडे पोटच्या मुलाची बायको, आणि दुसरीकडे जिच्या हातच्या थालीपिठाची ती गेली पंचवीस वर्षे उघड स्तुती करीत आली आहे अशी पुतणसून. आबाने लाडीगोडी लावून पाहिले, मी कागदोपत्री पद्धतीने पाहिले, सौ.ने मात्र विचारले नाही. तिला परीक्षेचा निकाल लागल्यावर पेपर पुन्हा उघडण्याची सवय नाही. आईचे उत्तर सर्वांना एकच: "मत गुप्त असतं." एवढे बोलून ती जपमाळ पुढे ओढते, आणि अकरा मण्यांनंतर किंचित हसते, असा आबाचा दावा आहे.

निवडून आल्यानंतर माझ्या स्थानाविषयी माझ्या काही अपेक्षा होत्या हे मी नाकारीत नाही. आजूबाजूच्या गावांत 'सरपंचपती' नावाची एक संस्था मी पाहिली होती. तिचे लक्षण असे: बाईंचे नाव फलकावर, सही कागदावर, आणि यजमान खुर्चीवर. ३४ वर्षे दुसऱ्याच्या खुर्चीशेजारी उभे राहिलेल्या माणसाला म्हातारपणी बसावेसे वाटले तर त्यात नवल ते काय? म्हणून पहिल्या मासिक सभेच्या दिवशी मी इस्त्रीचे धोतर नेसून, चष्मा पुसून, तिच्याबरोबर निघालो. तिने दाराशीच पर्समधून एक घडी केलेला कागद काढला आणि मला मोठ्याने वाचावयास सांगितला, जसा ती चौथीच्या मुलाला धडा वाचावयास सांगत असे. महिला पदाधिकाऱ्यांच्या नातेवाइकांनी पंचायतीच्या कारभारात लुडबूड करू नये, अशा आशयाचे ते शासनाचे परिपत्रक होते. मी ते वाचले. शासनाची भाषा सदोष होती, एका वाक्यात कर्ता दोनदा आला होता. तसे मी तिच्या नजरेस आणून दिले. "अर्थ कळला ना?" ती म्हणाली, आणि निघून गेली. तेव्हा मी इस्त्रीच्या धोतरासकट घरी बसून शेंगा फोडल्या.

तथापि कार्यविभागणी झाल्यावाचून संसार चालत नाही, आणि थोड्याच दिवसांत ती आपोआप झाली. गावच्या सरपंचाने काय काय करावे हे कायद्यात लिहिलेले आहे, परंतु गाव त्याची पारख करते ती कायद्यात न लिहिलेल्या गोष्टींवरून: कोणाच्या लग्नाला आला, कोणाच्या बारशाला बसला, आणि विशेषतः कोणाच्या सावडण्याला नदीवर हजर होता. रस्ता झाला नाही तर लोक पाच वर्षे वाट पाहतात, दहाव्याला सरपंच दिसला नाही तर पाच मिनिटेही पाहत नाहीत. वैशाखात एकाच मुहूर्तावर चार लग्ने, त्यात दोन घरे अशी की एकाकडे आधी गेल्याचे दुसऱ्याला कळता कामा नये, आणि मांडव समोरासमोर! तेव्हा जन्म, विवाह, ओटीभरण आणि डोहाळजेवण ही खाती सौ.ने स्वतःकडे ठेविली, व मृत्यू हे एकच खाते, परंतु संपूर्ण स्वायत्ततेसह, माझ्याकडे सोपविले. परिपत्रकात त्याला हरकत नव्हती. गेल्या अडीच वर्षांत मी इतक्या दशक्रियांना हजर राहिलो आहे की कृष्णाकाठचे कावळे मला ओळखतात. एकदा पिंडाला कावळा शिवेना तेव्हा जमलेल्या मंडळींपैकी कोणीतरी माझ्याकडे पाहून "दादा, तुम्ही जरा पुढे या" असे म्हटले. मी पुढे झालो, आणि कावळा शिवला. मयताची इच्छा पाणंद रस्त्याची असावी, व ती पुरी करण्याचे आश्वासन सरपंचांच्या वतीने आता मिळालेले आहे, असा अर्थ लोकांनी काढला. घरी येऊन मी हे सांगितले तेव्हा माझ्या खात्याने अधिकाराची मर्यादा ओलांडल्याबद्दल मला तोंडी समज देण्यात आली.

दिवसाचा क्रम सांगायचा तर सकाळी सहाला पहिला मनुष्य येतो तो पाणी आले नाही हे सांगण्यास, आणि सव्वासहाला दुसरा येतो तो पाणी फार आले व अंगणात शिरले हे सांगण्यास. दोघेही एकाच नळकोंडाळ्याचे. दोघांना चहा. रहिवासाच्या दाखल्याला मुलाची परीक्षा आडवी आलेली असते, घरकुलाच्या यादीत सुनेचे नाव आणि सासूचा राग एकाच वेळी आलेला असतो. या सर्वांना चहा. सरपंचाला मानधन मिळते; आमच्यासारख्या दोन हजारांच्या आतील गावाला ते महिना ३,००० रुपये होते आणि २०२४ साली सरकारने ते दुप्पट केले, तेव्हा आनंदाने अभिनंदन करायला जे लोक आले त्यांच्या चहात पहिल्या महिन्याची वाढ बसली. वित्त आयोगाचा निधी 'बंधित' आणि 'अबंधित' अशा दोन प्रकारांचा असतो, म्हणजे काही रक्कम पाणी व स्वच्छता यांवरच खर्च करायची आणि उरलेली गरजेप्रमाणे. सौ.ने ही पद्धत घरातही लागू केली असून माझे निवृत्तिवेतन हा बंधित निधी आहे. तो साखर व चहापूड या शीर्षांखाली खर्ची पडतो. अबंधित निधी कोठे असतो ते मला कळलेले नाही.

ग्रामसभेचे म्हणाल, तर तिच्या गणपूर्तीला मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० माणसे, यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते. गणपूर्ती न झाल्यास सभा तहकूब करावी, आणि अशा तहकूब सभेला पुन्हा गणपूर्तीची गरज नाही. हा नियम ज्याने रचला त्याला संयुक्त कुटुंबाचा अनुभव असला पाहिजे. आमच्या घरी रात्रीच्या जेवणाला गणपूर्ती होण्याचे केव्हाच थांबले आहे. ताटे घ्यावीत, एक ताट रिकामे राहावे, म्हणजे ज्याचे आहे ती व्यक्तीच पाण्याच्या टाकीवर असावी, पंधरा मिनिटे वाट पाहून जेवण तहकूब करावे, आणि नंतर जो हजर असेल त्याने, म्हणजे मी आणि आईने, गणपूर्तीवाचून आमटी गरम करून घ्यावी. पुण्याला असलेला मुलगा रविवारी दूरध्वनी करतो तेव्हा तो आधी विचारतो, "बाबा, आई आहे का, की सरपंच आहेत?" कारण आई असेल तर तो अर्धा तास बोलतो, आणि सरपंच असतील तर दोन मिनिटांत आटपते घेतो.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे तर पूर्वीचे स्वरूप पार लोपले. पूर्वी सौ. बारा-पंधरा बायकांना बोलावी. आता एकीला बोलावले आणि दुसरीला राहिले, तर दुसरीच्या घरातली चार मते तिळगूळ न खाताच कडू होतात. सबब मतदार यादी समोर घेऊन निमंत्रणे झाली, वाणाला प्लास्टिकच्या तीनशे डब्या आल्या, आणि त्या डब्यांवर कपबशीचे चित्र नाही ना, हे पाहण्यासाठी आबाची पत्नी स्वतः सर्वांत आधी आली. आल्यासरशी तिने पदर खोचून पुढल्या तीनशे बायकांना अत्तर लावण्याचे काम अंगावर घेतले, कारण सौ.ला एकटीला ते झेपणार नाही हे कळायला विरोधी पक्षात असणे आड येत नाही.

आता पायरीची हकीकत सांगावयाची राहिली.

आमच्या आजोबांनी दोन मुलांत घराची वाटणी केली तेव्हा काळ्या पाषाणाची एकच लांब चीप मधोमध फोडून दोन्ही दरवाजांपुढे एक-एक पायरी बसविली. त्या पायरीवर आमच्या मुंजी लागल्या, वऱ्हाडे उतरली, आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आई तेथे पाय सोडून बसते तेव्हा तिला साऱ्या आळीची बित्तंबातमी जागच्या जागी मिळते. अलीकडे गावठाणाची मोजणी झाली, ती साखळी आणि शंकू घेऊन नव्हे, तर स्वामित्व योजनेखाली ड्रोन उडवून. ३४ वर्षे मोजणीची कागदपत्रे हाताळलेला मी, आभाळात भिरभिरणारे ते यंत्र तोंड वर करून पाहत राहिलो, आणि त्या यंत्राने खाली तोंड करून आमची पायरी पाहिली.

यानंतर काही दिवसांनी एका रात्री आबा कोरे कागद घेऊन माझ्याकडे आला. "दादा, एक अर्ज खरडून दे. तुझ्यासारखं लिहिणारं तालुक्यात कोण नाही." विरुद्ध पक्षकाराचे नाव काय, असे मी विचारले. "ते मागून भरतो. कलम १४ मधलं अतिक्रमणाचं आहे. मजकूर तेवढा फर्मास कर." मनुष्याचा नाश स्तुतीने होतो हे मी कित्येक मिसलींतून पाहिलेले आहे, परंतु निवृत्त कारकुनापुढे कोरा कागद आणि कायद्याचे कलम एकाच वेळी आले म्हणजे, पेन्शनीत निघालेल्या लष्करी घोड्याला बिगूल ऐकू यावा, तसे काहीसे होते. मी मोठ्या तन्मयतेने बसलो. मा. जिल्हाधिकारी यांजकडे कलम १६ अन्वये विवाद अर्ज, चतुःसीमेचा तपशील, ड्रोनच्या नकाशाची नक्कल जोडावी, अशी समासात सूचना. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात असे ठरविले होते, की अतिक्रमण सासऱ्याने व नवऱ्याने केलेले असले तरी त्या घरात राहून त्याचा उपभोग घेणाऱ्या सदस्य स्त्रीला अपात्रता चुकत नाही. तो निवाडाही मी मोठ्या खुबीने गोवला, आणि 'उपरोल्लेखित अतिक्रमण हे सार्वजनिक रहदारीस उपद्रवकारक असून' असे एक वाक्य लिहिले, जे मला आजही सुंदर वाटते. आबा दोन पेले चहा पिऊन गेला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो स्वच्छ प्रत घेऊन आला. "उद्या साताऱ्याला जाऊन दाखल करतोय. म्हटलं, आधी घरात दाखवावं. वहिनींच्या पाठीमागं काही करणं बरं नाही." सौ.ने कागद घेतला, चष्मा लावला, टेबलावरची लाल शाईची लेखणी उचलली, आणि 'अतीक्रमण' या शब्दातील वेलांटी दोन ठिकाणी ऱ्हस्व केली. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "'उपरोल्लेखित' हा शब्द या गावात एकाच माणसाला लिहिता येतो." मी कागद हाती घेतला आणि प्रथमच त्यातील भरलेले नाव वाचले. माझ्या आयुष्यातील सर्वोत्कृष्ट मसुदा माझ्याच पायरीविरुद्ध होता.

घरात काही काळ कोणी बोलले नाही. मग सौ.ने पट्टी मागितली, तशी ती वर्गात मागत असे. आमची पायरी भिंतीपासून २ फूट ३ इंच रस्त्यात होती. "आबाभाऊजी," ती म्हणाली, "तुमचा थोरला दोन नंबरच्या प्रभागातून सदस्य आहे ना?" आबाने मान हलविली. तिने मला त्याच्या दाराशी पाठविले. ती पायरीही २ फूट ३ इंच. आजोबांनी वाटणी करताना दोन मुलांत इंचाचाही पक्षपात केलेला नव्हता. अर्जात नाव तेवढे बदलले असते तर बाकी मजकूर आबाच्या घराला जसाच्या तसा लागू पडला असता, आणि माझा निवाडाही. फक्त 'सून' हा शब्द खोडून 'मुलगा' करावा लागला असता. पायरी आता काढली म्हणून मागचा दोष धुतला जातो की नाही, याविषयी माझ्या मनात एक कायदेशीर शंका आहे, परंतु ती मी कोठे बोलून दाखविलेली नाही, कारण ती दोन्ही घरांना सारखीच बाधते. "गुरुवारी दोन्ही काढायच्या," सौ. म्हणाली. आबाने अर्ज परत मागितला. फाडण्यासाठी नव्हे. "असू दे, दादा. मजकूर चांगला आहे. पुढं कुणाला तरी लागेल."

गुरुवारी गवंडी आला. पहारीच्या पहिल्या घावाला आई दारात येऊन उभी राहिली. ती सासऱ्यांची आठवण काढून डोळ्यांना पदर लावील अशी मला भीती होती, परंतु तिने खाली वाकून नव्याने मोकळ्या झालेल्या उंचीचा अंदाज घेतला आणि विचारले, "आता मी उतरू कशी?" कलम १४ मध्ये, कलम १६ मध्ये, किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या निवाड्यात याचे उत्तर नव्हते. तेव्हा आबाच आपल्या घरातून एक जाडजूड लाकडी स्टूल घेऊन आला. ते रोज सकाळी साडेसहाला तो स्वतः आणून आमच्या उंबऱ्याखाली लावतो आणि दिवेलागणीला परत नेतो. पंचायतीचे सचिव एकदा जाता जाता थांबून स्टुलाकडे बारकाईने पाहू लागले, तेव्हा मी त्यांना ती जंगम मालमत्ता असल्याचे सांगितले, आणि ते समाधान पावून पुढे गेले.

अडचण एवढीच झाली, की आबाचा गुडघा दुखतो, आणि स्टुलावर चढून आमच्या घरात येणे त्याला जमत नाही. म्हणून आता तो सकाळी स्टूल आणतो, आईला धरून खाली उतरवितो, आणि मग स्वतः त्याच स्टुलावर, म्हणजे काटेकोर बोलायचे तर ग्रामपंचायतीच्या हद्दीतील सार्वजनिक रस्त्यावर, बसून राहतो. पुढच्या निवडणुकीला अजून अवकाश आहे. आरक्षण काय निघेल ते कोणालाच ठाऊक नाही. काल सौ.ने उंबऱ्यातून वाकून त्याच्यापुढे चहा केला. आबाने आधी कपाकडे पाहिले, मग रस्त्याने कोणी येते आहे का ते पाहिले.

"वहिनी," तो म्हणाला, "पेल्यात द्या."